आधी दिवस मोजा, मग गाडी बघा

फोंड्याहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं आहे. वय बासष्ट, पत्नी शिक्षिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या, दोन्ही मुलं परगावी. एक ट्रॅव्हलर गाडी घ्यायची, ती इथेच मोटरहोम करून घ्यायची, बोटीने युरोपला पाठवायची आणि पुढची काही वर्षं तिच्यातच राहायचं, असा त्यांचा बेत आहे. त्यासाठी फोंड्यातला फ्लॅट विकावा का? गाडी इथून न्यावी की तिकडे घ्यावी? आणि मधुमेह, स्वयंपाक, पाणी, शौचालय हे सगळं अशा गाडीत बारा महिने निभावतं का?

माझं वर्कशॉप पेडण्यात आहे. हरमल, मांद्रे, आश्वें या पट्ट्यात हिवाळ्यात मुक्कामाला येणाऱ्या परदेशी मोटरहोमची कामं करत मी या धंद्यात शिकलो. पुढे आम्ही नवराबायको स्वतःच वर्षातला मोठा काळ अशा गाडीत, बहुतेक युरोपात, राहू लागलो. त्यामुळे गाडीच्या पोटात काय असतं आणि त्या पोटात राहणाऱ्यांचं काय होतं, हे दोन्ही मी जवळून बघितलं आहे. तुमचा बेत मनापासून आवडला. पण त्याचा क्रम उलटा लागलाय. तुम्ही गाडीपासून सुरुवात केली आहे. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्यांनी सुरुवात दिवसांपासून करायची असते.

युरोपातले २९ देश आज शेंगेन क्षेत्रात आहेत. या सगळ्या देशांत मिळून, कुठल्याही १८० दिवसांच्या मुदतीत, आपल्याला ९० दिवस राहता येतं. पोहोचल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. देश बदलला म्हणून मोजणी पुन्हा सुरू होत नाही. क्रोएशिया २०२३ पासून आणि रुमानिया-बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे या क्षेत्रात आले, त्यामुळे पूर्वी जिथे जाऊन दिवस ‘वाचवता’ यायचे, ती दारंही आता याच मोजणीत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीमेवर शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी संगणकीय व्यवस्था सुरू झाली. जुन्या पासपोर्टात अस्पष्ट शिक्क्याचा फायदा काही जणांना मिळत असे, तो विषय संपला. एक दिवस जास्त झाला तरी यंत्राला कळतं, आणि पुढचा व्हिसा मागताना तोच एक दिवस आडवा येतो.

एक चांगली गोष्ट २०२४ मध्ये झाली. भारतीय अर्जदाराने आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नियमाप्रमाणे वापरले असतील, तर त्याला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळण्याची वाट त्या वर्षी खुली झाली. यामुळे दरवेळी कागदांचं बाड घेऊन रांगेत उभं राहावं लागत नाही. पण हातात पाच वर्षांचा व्हिसा असला तरी ९० दिवसांचा नियम तसाच राहतो. पुष्कळ जण इथेच गल्लत करतात.

गोव्यात हा हिशेब दोन प्रकारचा असतो, म्हणून विचारतो. तुमच्या किंवा वहिनींच्या घरी कुणी लिस्बनला जन्मनोंदणी केली आहे का? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्या अनेकांनी आणि त्यांच्या मुलांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याच्याकडे तो पासपोर्ट आहे, त्याला ९० दिवसांची मर्यादा लागत नाही. एकाच देशात तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर तिथे नाव नोंदवावं लागतं, एवढंच. पण त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, घ्यावं लागतं, मतदान सुटतं, आणि शेतजमीन असेल तर तिच्या पुढच्या व्यवहारांवर बंधनं येतात. फक्त मोटरहोमसाठी कुणी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात आधीच असेल तर मात्र सगळा आराखडा बदलतो, म्हणून हे पहिल्यांदा तपासा.

तुम्ही भारतीय पासपोर्टवरच आहात असं धरून पुढे बोलतो. तुमच्यासाठी ‘कायम’ म्हणजे वर्षाचे तुकडे. युरोपात राहायला उत्तम काळ मध्य एप्रिल ते मध्य जुलै. थंडी सरलेली, दिवस मोठे, आणि शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी अजून पुरती सुरू झालेली नसते. त्यानंतर दोन वाटा आहेत. एक, गाडी घेऊन ब्रिटनला जायचं. तिथला व्हिसा वेगळा, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि ते दिवस शेंगेनमध्ये धरले जात नाहीत. दुसरी, परत यायचं. आम्ही बहुधा परत येतो, कारण भाद्रपदात चवथ असते. मूळ घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला माणूस हवा, आणि ज्या वर्षी आपण नसतो त्या वर्षी घरचे काही बोलत नसले तरी आपल्याला ते लागतं. वर्षाचा आराखडा करताना चवथ आणि घरच्या देवाची जत्रा आधी मांडा, उरलेल्या जागेत प्रवास बसवा. हे भावनेच्या भरात सांगत नाही. या दोन तारखा जे आधी ठरवतात, ते पाच-सहा वर्षं नीट टिकतात. बाकीचे दुसऱ्या वर्षी घरच्या ओढीने मध्येच तिकीट काढून येतात, गाडी कुठेतरी परक्या आवारात भाड्याने उभी राहते आणि मनातून हा विषय उतरतो.

आता फ्लॅट. विकू नका. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, फोंड्यातल्या घराचं तसं होत नाही, हे एका बँकेच्या माणसाला मी सांगायला नको. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. व्हिसा देणारा अधिकारी एकच गोष्ट शोधत असतो: हा माणूस परत येईल का? घर, पेन्शन, मुलंबाळं, बँकेतली ठेव हे त्या प्रश्नाचं उत्तर. घर विकून टाकलेलं, मुलं परगावी, आणि अर्जात लिहिलंय की आम्ही गाडीतच राहतो. असा अर्ज तुम्ही स्वतः बँकेत कर्जासाठी आलेला पाहिला असता तर काय केलं असतं? घर आहे म्हणून दिवस मिळतात. घर विकलं की दिवसही जातील.

भाड्याने द्यायचं झालं तर अकरा महिन्यांचा करार आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, हे दोन्ही करूनच द्या. बंद ठेवणार असाल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडणारं माणूस ठरवा. आपल्याकडे चार महिने बंद राहिलेल्या घरात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: कपाटांना बुरशी, दारांच्या चौकटींना वाळवी, आणि इन्व्हर्टरची बॅटरी कायमची गेलेली.

पैशाचं थोडक्यात. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली बाहेर पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक कर कापून घेते, तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. गाडी घ्यायची असेल तर हे आधी धरून चाला. सहा महिने बाहेर राहिलो की आपोआप अनिवासी झालो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वर्षात ६० दिवस भारतात आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, एवढ्यावरही साधारण माणूस आयकराच्या लेखी निवासीच ठरतो. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवर मोबाईलवरून देता येतो, पण त्यासाठी आणि प्रत्येक ओटीपीसाठी इथला नंबर जिवंत हवा. तो नंबर वेगळ्या साध्या फोनमध्ये ठेवा आणि त्याचा रिचार्ज मुलांच्या हाती द्या.

गाडी इथून न्यावी का? तुमच्या बाबतीत नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण इथे स्वप्न फार आणि माहिती कमी असते.

रस्त्याने जायचं तर आज वाटच धड नाही. एप्रिल २०२५ पासून अटारीची चौकी बंद आहे. २०२१ नंतरच्या परिस्थितीत म्यानमारमधून जाणंही शहाणपणाचं नाही. नेपाळमार्गे चीनमध्ये स्वतःची गाडी नेता येते, पण तिथली मान्यताप्राप्त संस्था, सोबत सतत गाइड, तात्पुरती नंबरप्लेट आणि तात्पुरता परवाना हे सगळं लागतं, आणि गाइडचे दिवस मोजून पैसे द्यावे लागतात. दोन निवृत्त माणसांसाठी हा खर्च डोळे पांढरे करणारा आहे. बोटीने न्यायची तर उंच कंटेनरच्या दाराची उंचीही सुमारे २.५८ मीटर असते. छतावर खिडकी, सोलर आणि एसी बसवलेली गाडी त्यातून जात नाही. मग ती मुंबईहून गाड्या चालवत चढवतात त्या जहाजावर टाकावी लागते. तिथे किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची असते आणि आतलं सामान चोरीला जाण्याच्या तक्रारी जगभर आहेत.

समजा, पोहोचली. युरोपात आपल्यासारख्या पाहुण्याची परदेशी नोंदणीची गाडी जकात न भरता सहा महिने राहू शकते, त्यासाठी कार्ने, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी देणारा जकातीचा कागद, लागत नाही. पण युरोपातल्या विम्याच्या ग्रीन कार्ड व्यवस्थेत भारत नाही, म्हणून सीमेवर मिळणारा विमा घ्यावा लागतो, आणि तो फक्त त्रयस्थाच्या नुकसानीचा. तुमची गाडी जळाली तर तुमचं तुम्ही बघायचं. पुढे कार्ने लागणाऱ्या देशांत जायचं तर इथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडून तो घ्यावा लागतो, बँक हमीसकट, आणि त्याची मुदत एक वर्ष. हरमलला जे जर्मन, फ्रेंच येतात त्यांनाही आपल्या देशात कार्नेवर सहाच महिने मिळतात. मार्च उजाडला की त्यांच्या गाड्यांची कामं घाईघाईने करून देण्यात आमचे दिवस जातात, ते यामुळेच.

स्टिअरिंगचाही प्रश्न आहे. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, रस्ता उजव्या बाजूने चालायचा. अरुंद रस्त्यावर पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचं दिसण्याआधी गाडीचं अर्धं अंग बाहेर काढावं लागतं. आत-बाहेर करायचं दार गाडीच्या डाव्या अंगाला, म्हणजे तिथे रहदारीच्या बाजूला उघडतं. रात्री आपले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते बदलावे लागतात. तरुणपणी हे निभावतं. साठीनंतर, रोज, दोघांनी आलटून पालटून चालवायची गाडी अशी नसावी.

इथे गाडी बनवून घ्यायचीच असेल तर ती भारत, नेपाळ आणि भूतानसाठी बनवा. नेपाळला आपल्याला व्हिसा नाही, कार्ने नाही. सीमेवर भन्सार म्हणजे तिथली जकात भरली की वर्षात ३० दिवसांपर्यंत गाडी ठेवता येते. परदेशात मोटरहोमने राहण्याची पहिली चव याहून सोपी कुठेच मिळत नाही. मात्र गाडीत केलेले बदल आरसी बुकात चढवून घ्या. मोटरहोमसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे मानक आहे. ‘आतून काय केलं ते कोण बघतो’ म्हणणाऱ्या कारागिराकडे जाऊ नका. गॅसची टाकी बसवलेली, नोंदीत नसलेली गाडी पेटली तर विमा कंपनी पहिला कागद आरसी बुकच मागते.

मग तिकडे विकत घ्यावी? युरोपात बहुतेक देशांत गाडी नावावर करायला तिथला रहिवासी पत्ता लागतो. विमाही त्यालाच जोडलेला. ‘आमच्या पत्त्यावर करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, अपघात झाला की मालक कोण हा प्रश्न फार कठीण होतो. तुमच्यासारख्यांनी युरोपात भाड्याची गाडी घ्यावी, आणि विकत घ्यायचीच असेल तर न्यूझीलंडचा विचार करावा. तिथे पाहुण्याच्या नावावर गाडी सहज होते, रस्ता डाव्या बाजूचा, परवाना इंग्रजीत असल्याने अडचण नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर नऊ महिन्यांपर्यंत राहता येतं. आपला पावसाळा म्हणजे तिथला हिवाळा, तेव्हा आपण घरी. दिवाळी आटोपून निघायचं, तिथला उन्हाळा गाठायचा आणि एप्रिलमध्ये परतायचं. गाडीला ‘सेल्फ-कंटेन्ड’चा, म्हणजे पाणी, सांडपाणी, शौचालय सगळं गाडीतच असल्याचा, हिरवा दाखला आहे का ते बघून घ्या. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी गाडीत कायम बसवलेलं शौचालय सक्तीचं केलं आहे. डिझेल गाडीला किलोमीटरप्रमाणे रस्ताकर आगाऊ भरायचा असतो, जुनी गाडी घेताना तो थकलेला नाही ना, हे पाहा. विमानतळावर मात्र खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा. लोणच्याची बाटली सांगितली तर फार तर ठेवून घेतील, लपवली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

जुनी मोटरहोम कुठेही घ्या, इंजिन शेवटी बघा. इंजिन दुरुस्त होतं. आधी ओल शोधा. या गाड्यांच्या भिंती म्हणजे पत्रा किंवा फायबर, आत फोम आणि लाकडी पट्ट्या. छताच्या कडेचा, खिडकीभोवतीचा सीलंट दहाएक वर्षांत सुकतो, पाणी केसाएवढ्या फटीतून आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून गाडी लखलखीत दिसते. तुम्ही कपाटांच्या आत, कोपऱ्यांत, बिछान्याखाली, छताच्या खिडकीभोवती अंगठा दाबून बघा. मऊ लागलं, कागद फुगलेला दिसला, तर किंमत कितीही उतरवली तरी निघून या. वास घ्या. गाडीत शिरताच अत्तराचा वास भपकन आला तर माझा संशय बळावतो. दरवर्षी ओल तपासल्याची नोंद सर्व्हिस बुकात असते, ती मागा. टायरवर खोली असूनही ते म्हातारे असतात, कारण या गाड्या फिरतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. बाजूवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असे चार आकडे असतात. सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच असं धरून भाव करा.

वजनाचं भान फार थोड्यांना असतं. युरोपातल्या बहुतेक मोटरहोमना ३,५०० किलोची मर्यादा असते. गाडी मोकळीच ३,००० किलोच्या आसपास भरते. उरलेल्या चार-पाचशे किलोत तुम्ही दोघं, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, गॅस, सायकली, कपडे, तांदूळ. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन एकदा मोजा. जास्त भरली तर दंड होतोच, पण घाटात ब्रेक तापतात ते जास्त वाईट.

आता रोजचं जगणं. वहिनींनी हा भाग नीट वाचावा, आणि तुम्हीही, कारण गाडीत कामांची वाटणी घरच्यासारखी चालत नाही. दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे आणि दोघांनाही टाकी रिकामी करता आली पाहिजे. एक जण आजारी पडला की दुसऱ्याने गाडी दवाखान्यापर्यंत न्यायची असते. आंतरराष्ट्रीय परवाना दोघांचाही काढा. आरटीओत फॉर्म ४-ए, हजार रुपये, मुदत एक वर्ष. २०२१ पासून तो बाहेरून दूतावासामार्फत नवा करून घेण्याची सोय झाली आहे.

शंभर लिटर पाणी दोघांना जपून वापरलं तर तीन दिवस पुरतं. अंघोळ आठ-दहा लिटरमध्ये, अंग ओलं करून नळ बंद, साबण, मग धुणं. ज्यांनी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघितली आहे, त्यांना ही सवय चार दिवसांत लागते. शौचालयाची टाकी सुटी निघते, सतरा ते वीस लिटरची, दोन-तीन दिवसांत भरते. ती फक्त ठरवून दिलेल्या जागीच ओतायची. पावसाच्या गटारात कधीच नाही, रात्रीच्या अंधारातसुद्धा नाही. ती धुवायचा पाइप आणि पिण्याचं पाणी भरायचा पाइप वेगळे, वेगळ्या रंगाचे, वेगळ्या कप्प्यात. सार्वजनिक नळाला तोंड लावण्याआधी तो नळ पुसून घ्या. आधीच्या माणसाने तिथे काय धुतलं ते आपल्याला माहीत नसतं.

स्वयंपाकासाठी गॅस ठेवा. कॅम्पसाइटवर वीज मिळते, पण फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी ती ६ अँपिअरचीच असते. २३० व्होल्टला म्हणजे १,३८० वॉट. दोन हजार वॉटची इंडक्शन लावली की खटका पडतो. सिलिंडरचे तोंड देशोदेशी वेगळं. त्यापेक्षा गाडीला कायमची बसवलेली, पेट्रोल पंपावर एलपीजी भरता येणारी टाकी असलेली गाडी शोधा. युरोपभर त्याची चार प्रकारची जोडणी आहे, चारही अ‍ॅडॅप्टर एका डब्यात ठेवले की झालं. थंड देशात ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ देणं थांबवतं, तिथे प्रोपेन लागतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तळाशी मोकळी जाळी असते. थंडी वाजते म्हणून ती जाळी कापडाने बुजवणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसचा, असे दोन अलार्म झोपण्याच्या जागेजवळ हवेतच.

भात शिजवताना छताची खिडकी थोडी उघडी ठेवा, बाहेर गारवा असला तरी. दोन माणसांचा श्वास आणि कुकरची वाफ रात्रीतून काचांवरून ओघळते आणि गादीखाली मुरते. गादीखाली लाकडी पट्ट्या असाव्यात, सपाट फळी नको.

इन्सुलिन घेत असाल तर फ्रिज कोणता आहे ते आधी विचारा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. गॅस, बॅटरी आणि वीज अशा तिन्हींवर चालणारे जुने फ्रिज गाडी तिरकी उभी असली की नीट गार करत नाहीत, आणि कडक उन्हात ढेपाळतात. तुमच्यासाठी बॅटरीवरचा कॉम्प्रेसर फ्रिज, लिथियम बॅटरी आणि छतावर सोलर, एवढं असलेलीच गाडी घ्या. औषधांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड तिकडे ओळखत नाहीत. साधारण तीन महिन्यांची औषधं सोबत, हातातल्या बॅगेत. आरोग्य विमा घेताना दोन ओळी शोधा: आधीपासूनच्या आजाराचं काय, आणि एका प्रवासाचे कमाल दिवस किती. वर्षभराची म्हणून विकली जाणारी पॉलिसी एका प्रवासाला पुष्कळदा महिना-दीड महिनाच चालते. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचं कव्हर सक्तीचं आहे, पण ते किमान आहे. तुम्ही त्याहून बरंच मोठं घ्या.

जेवणाची फार चिंता नको. युरोपात दूध, तूप, मांस नेता येत नाही, कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. पण नारळ चालतो आणि खाण्यापुरती मासळी २० किलोपर्यंत चालते, सुकीसुद्धा. सोलं (कोकम), तिरफळं, उकडे तांदूळ घेऊन जा. पोर्तुगाल आणि स्पेनच्या किनाऱ्यावर बांगडे, तारले ताजे मिळतात, आणि सोलं घातलेली आमटी गाडीच्या दारात बसून जेवताना आपण कुठे आहोत याचा क्षणभर विसर पडतो. सुकी मासळी मात्र हवाबंद डब्यात, आणि भाजायची ती बाहेर, कॅम्पसाइटवर.

बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे महत्त्वाचं आहे. रस्त्याकडेला गाडी उभी करून झोपणं आणि तिथे मुक्काम ठोकणं, यात तिथले कायदे फरक करतात. छत्री उघडली, खुर्च्या मांडल्या, चाकाखाली ठोकळे घातले की तो मुक्काम झाला. क्रोएशियात बाहेर मुक्काम सरळ बेकायदा आहे. नॉर्वे, स्वीडन, स्कॉटलंडमध्ये रानात मुक्त फिरण्याचा हक्क आहे, पण तो पायी फिरणाऱ्याचा, गाडीचा नव्हे. जर्मनीत श्टेलप्लाट्झ, फ्रान्समध्ये एर, इटलीत सोस्ता अशा नगरपालिकांच्या अधिकृत जागा आहेत. स्वस्त असतात, पाणी-कचऱ्याची सोय असते, आणि आम्ही बहुतेक रात्री तिथेच काढतो. आपल्याकडे २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर दंड बसवणारी कायदादुरुस्ती झाली. रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून उष्टं तिथेच टाकून जाणाऱ्या गाड्यांबद्दल आपली गावं काय बोलतात ते तुम्ही ऐकलं आहे. तिकडच्या गावात आपण त्या गाडीतले पाहुणे असतो. उशिरा पोहोचा, लवकर निघा, गावातल्या बेकरीतून पाव घ्या, जागा होती त्याहून स्वच्छ ठेवा.

शहरांत गाडी नेऊ नका. जर्मनीतल्या अनेक शहरांना प्रदूषणाचं स्टिकर लागतं, लंडनमध्ये जुन्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, इटलीत जुन्या गावांच्या मध्यभागी कॅमेरे, आणि तो दंड भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी फोंड्याला पोहोचतो. बाहेर उभी करा, ट्रामने जा.

तर पहिलं पाऊल असं. येत्या मे महिन्यात तीन आठवडे जर्मनीत गाडी भाड्याने घ्या, जुलै-ऑगस्टपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळेल. सहा मीटरच्या आसपासची, मोठी नको. पहिला आठवडा एका नदीकाठीच काढा, मोझेल उत्तम. अंतरं छोटी, रस्ता सपाट, गावोगावी जागा. दिवसाला शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. या तीन आठवड्यांत निदान चार दिवस सलग पाऊस लागला तर बरं. गाडीत दोघांनी बसून काढलेले पावसाचे चार दिवस तुम्हाला जे सांगतील ते मी सांगू शकत नाही.

गाडी ताब्यात घेताना कंपनीच्या आवारातून लगेच निघू नका. पाणी भरणं, सांडपाणी सोडणं, शौचालयाची टाकी काढून बसवणं, गॅस बदलणं, फ्यूज कुठे आहे, हीटर कसा लागतो, हे तिथल्या माणसाकडून दाखवून घ्या आणि मग त्याच्यासमोर स्वतः करा, दोघांनीही. मोबाईलवर त्याचं चित्रण करून ठेवा. रात्री दहाला, पावसात, हीटर बंद पडला की छापील पुस्तिका जर्मन भाषेत असते, आणि हातात तोच व्हिडिओ असतो.